गाण्याचं गाव विचारा

यंदाच्या कोजागिरीला आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटत होतं, लहान मुलं पेंगायला लागली होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ‘घेई छंद मकरंद’ म्हटलं. गळा शिकलेला नव्हता, पण सूर जागच्या जागी लागत होते आणि अवघड जागा आली तरी ती बिचकत नव्हती. कुणीतरी विचारलं, "कुणाकडे शिकतेस गं?" ती म्हणाली, "कुणाकडेच नाही. लहानपणी ‘कट्यार’ पिक्चर पाहिला, तेव्हापासून म्हणते." पुढच्या खुर्चीवर पाचव्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. संगीत नाटकांचे जुने दर्दी. ते चटकन बोलून गेले, "पिक्चर बघून! म्हणजे खरं गाणं तू ऐकलंच नाहीस." पोरगी गोरीमोरी झाली. तिला आणखी एक म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

मग दुधाचे पेले हातात घेऊन वाद सुरू झाला, आणि तो नेहमी होतो तसाच झाला. दिवाळी पहाटेच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या लोकलमध्ये मी तो किती वेळा ऐकला असेल. एक बाजू म्हणते, मालिका-सिनेमांतून ज्यांना जुनी गाणी कळली त्यांची आवड उसनी. प्रसंग विसरला की गाणंही विसरणार. दुसरी बाजू म्हणते, सिनेमावाल्यांचे उपकार माना, नाहीतर ही गाणी केव्हाच संपली असती. मला दोघेही चुकीच्या जागी भांडताना दिसतात. पहिला पक्ष ऐकणाऱ्याचं कूळ तपासतो, दुसरा गाणं वापरणाऱ्याला दाता करून टाकतो. माणूस गाण्यापाशी कुठल्या दाराने आला, याची उलटतपासणी करण्याचा अधिकार कुणालाच नाही, असं मला ठामपणे वाटतं. जाब विचारायचाच तर ज्याने दार उघडलं त्याला विचारावा. जुनं गाणं तुम्ही तुमच्या मालिकेत घेतलंत, सिनेमात घेतलंत. मग ते कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, आधी कुणी गायलं, हे ऐकणाऱ्याला सांगितलंत का?

आधी त्या ‘खऱ्या गाण्या’कडे पाहू. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सिनेमा २०१५ चा. म्हणजे आजोबांच्या हिशेबाने खरेपणाची रेषा १९६७ वर आहे. ती तिथेच का? १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतल्या बंदिशींच्या वळणावर पदं बांधली. बालगंधर्वांच्या तोंडून ‘नाथ हा माझा’ ऐकत गिरगावातल्या कारकुनाच्या कानात यमन उतरला. त्याच्या पाच वर्षं आधी गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’मध्ये पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्यांची लय आणली होती. आणि १८८० मध्ये ‘शाकुंतल’ उभं करताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्याच चाली घेतल्या होत्या. यातला कुठलाही प्रेक्षक दरबारी मैफलीत वाढलेला नव्हता. राग त्याला नायकाच्या विरहातून आणि नायिकेच्या लाजण्यातून भेटला, म्हणजे प्रसंगातूनच भेटला. त्याची आवड आपण उसनी म्हणतो का? उलट तोच मराठी माणसाच्या कानांचा सुवर्णकाळ म्हणून आपण सांगतो. नाटकाच्या दाराने आलेला रसिक आणि सिनेमाच्या दाराने आलेली पोर मात्र उपटसुंभ, हे कुठल्या न्यायाने?

दारावर पहारा बसवून रसिकता टिकते का, याचा प्रयोग या देशात एकदा झालेला आहे, आणि तो एका मराठी माणसानेच केला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची मनापासूनची खात्री होती. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला होता, अशा वेळी कित्येक गवयांना आणि वादकांना आकाशवाणीने पोटाला लावलं. हेतू निर्मळ होता, कामही मोठं झालं. पण ज्या दाराला त्यांनी कडी घातली त्याचं काय झालं? लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ लागली की चाळीत एकाच्या घरचा रेडिओ अख्ख्या मजल्याचा व्हायचा. १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आणि आज ‘जुनी गाणी’ म्हणून आपण ज्यांची नावं घेताना हळवे होतो, त्यांतली निम्मीअधिक गाणी तीच आहेत जी त्या काळी अभिरुची बिघडवणारी होती. सत्तरीतल्या रसिकाने हे विसरू नये. त्याच्या लहानपणी त्याच्याही गाण्यांना कुणीतरी वडीलधाऱ्याने नाक मुरडलेलंच होतं.

दुसरा आक्षेप तुकड्याचा. मालिकेत अख्खं गाणं कुठे असतं? नायिका खिडकीशी उभी राहते, मागे एक कडवं वाजतं, संपलं. एवढ्यावर कुणाला गाणं ‘कळलं’ असं कसं म्हणायचं? हा मुद्दा मला एकेकाळी बिनतोड वाटायचा. पण मग मी तबकड्यांचा विचार करू लागलो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभराचा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे तुकडाच. जयपूर घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांसारखा थोर गवई मुंबईत राहिला, इथेच १९४६ मध्ये गेला, आणि मागे त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र तबकड्या दिल्या. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी, अवघी साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई वारल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं, आणि तो तुकडा तिथेही सोबत आहे. आज कितीतरी तरुण मंडळींना केसरबाई हे नाव पहिल्यांदा कळतं ते अवकाशयानावरच्या एखाद्या माहितीपटातून. यान पाहायला गेलेला मुलगा जयपूर घराण्यापाशी पोचतो. त्याला आपण काय म्हणणार, तू केसरबाईंच्या गोव्यातल्या केरी गावावरून का आला नाहीस?

मात्र पहिल्या पक्षाचं एक म्हणणं मला खरंच खोलवर पटतं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दार जिथे उघडतं तिथेच गर्दी होते. २०२३ मध्ये ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’ने ‘अभी ना जाओ छोड़ कर’ पुन्हा घराघरांत नेलं. आनंदच आहे. पण जयदेवांनी १९६१ च्या ‘हम दोनों’मध्ये आणखीही चाली बांधल्या होत्या, आणि त्यांची बाकीची हयातभराची कामगिरी तशीच अंधारात राहिली. निवड करणारा माणूस आपल्या प्रसंगाला सोयीचं तेवढंच उचलतो. त्याला हळवं हवं असतं, ओळखीचं हवं असतं, हक्क लवकर मिळतील असं हवं असतं. मग तीच दहा-वीस गाणी फिरून फिरून येतात आणि ‘जुनी गाणी’ म्हणजे एवढीच, असा समज पक्का होतो. पूर्वीही निवड व्हायचीच. डझनावारी पदांच्या नाटकातली दोन-तीनच तबकडीवर चढली आणि बाकीची पुस्तकात राहिली. तरी रेडिओवर ‘आपली आवड’मध्ये एखादा ऐकणारा अनवट गाण्याची फर्माईश करू शकायचा, आणि ते गाणं त्याच्याबरोबर बाकी सगळ्यांना ऐकू यायचं. आजच्या मालिकेला अशी चिठ्ठी पाठवता येत नाही. ही उणीव खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून त्या दहा गाण्यांतून आलेल्या पोराला हिणवलं, तर अकरावं गाणं त्याला सांगणार कोण?

ते अकरावं गाणं सापडायचं असेल तर आधी पहिल्याचं नाव-गाव माहीत हवं. माझ्या साऱ्या आग्रहाचं मूळ इथे आहे.

नाव नसलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. विष्णुपंत पागनीसांना लोक साक्षात तुकोबा समजून नमस्कार करत. त्या सिनेमातलं ‘आधी बीज एकले’ आजही भजनी मंडळांत तुकोबांचा अभंग म्हणून गायलं जातं. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे. तुकोबांच्या गाथेत शोधून सापडणार नाही. कवीला याहून मोठा मान नाही, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या मानात कवी स्वतः पुसला गेला. चाल देणाऱ्या केशवराव भोळ्यांचं नाव तर भजनात कुणी घेतही नाही. हेच आज पुन्हा होताना मी पाहतो. ‘सूर निरागस हो’ हे ‘कट्यार’ सिनेमासाठी नव्याने केलेलं गाणं. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. आमच्या त्या गच्चीवर निदान तिघांनी ते अभिषेकीबुवांचं म्हणून सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत सिनेमाला नाक मुरडणारेही होते. तेव्हाही नवं जुन्याच्या नावावर, आजही नवं जुन्याच्या नावावर. यात कानांचा दोष नाही. सांगणाऱ्याने सांगितलं नाही, एवढाच दोष आहे.

गंमत अशी की ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या दिवसांत हे भान होतं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं मुद्रण झालं. गाणं संपता संपता ती खणखणीत आवाजात म्हणायची, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला, तिथल्या कारागिराला कोणता आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ती सोय होती. कारण व्यवहाराचं, पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनीही तो आवाज बेवारशी नाही. मग सिनेमा आला आणि पडद्यावरच्या चेहऱ्याने गाणाऱ्याचं नाव गिळलं. १९४९ चा ‘महल’ आमच्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. गाणं रेडिओवर वाजलं आणि ऐकणाऱ्यांनी पत्रांचा पाऊस पाडला: ही गाते कोण? शेवटी तबकडी काढणाऱ्या कंपनीकडून नाव मागवून रेडिओला ते सांगावं लागलं. लता मंगेशकर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या पत्र लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण सिनेमा पाहून आले असतील, कितीतरी निव्वळ रेडिओ ऐकून. कुणाची आवड अस्सल नि कुणाची उसनी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी मात्र नाव विचारलं, आणि ते मिळेपर्यंत विचारत राहिले.

आज काय चाललंय? मालिकेत जुन्या गाण्याचं कडवं वाजतं आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. सिनेमाच्या शेवटी श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत हक्क बाळगणाऱ्या कंपनीचं नाव असतं. कवीचं असेल तर असेल. तेवढ्यात चित्रपटगृहात दिवे लागतात, दारं उघडतात. घरी पाहताना तर आणखी कठीण, कारण नामावली सुरू झाली की पाच-दहा सेकंदांत पुढचा भाग आपोआप चालू होतो. पूर्वी गाण्यांच्या वाहिन्यांवर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गाणं, चित्रपट, गायक अशी पट्टी यायची. ‘विविध भारती’चे निवेदक आजही गीतकार-संगीतकारांची नावं घेतात. ‘नक्षत्रांचे देणे’सारखा कार्यक्रम एकेका कलावंताच्या कामाभोवती बांधलेला असे, त्यामुळे गाण्यांबरोबर माणूसही कळायचा. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ने किती घरांतल्या पोरांना भावगीतं आणि नाट्यगीतं गुणगुणायला लावलं, ते मी माझ्या नात्यागोत्यात पाहिलं आहे, त्यांतली काही मुलं आज बैठक मारून रियाज करतात. म्हणजे दूरदर्शन संचाच्या दारातून नावासकट येता येतं. हे अशक्य किंवा खर्चिक काम नाही. गाणं वाजत असताना एक ओळ दाखवा: कवी, संगीतकार, मूळ गायक, वर्ष. एवढंच.

कुणी म्हणेल, प्रसंग ऐन रंगात असताना पडद्यावर अक्षरं आली तर रसभंग होतो. होत असेल, क्षणभर. पण सिगारेट ओढणारं पात्र दिसलं की इशाऱ्याची ओळ आपण वर्षानुवर्षं सोसतोच आहोत. कवीचं नाव त्याहून डोळ्यांत खुपेल का? दुसरं कुणी म्हणेल, हवं असेल तो फोनवर शोधून काढेल. शोधू दे की. पण शोधायला गेलं तर समोर येतं नव्या सिनेमाचं नाव आणि नव्या नटाचा चेहरा. मूळ गाणं चार पायऱ्या खाली. केट बुशचं १९८५ चं एक गाणं २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा सगळं श्रेय अचूक पोचलं, कारण शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. एका नावात सारं आलं. आपलं गाणं तिघाचौघांचं असतं. गायकाचा आवाज ओळखू येतो, संगीतकार जाणकारांना कळतो, कवी मात्र सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून आपल्याकडे सांगण्याची जबाबदारी दुप्पट. आणि हा निव्वळ मानाचा प्रश्न नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा मान्य केला. ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या वारसांनी हा वाटा कुठल्या तोंडाने मागायचा?

दारंच मिळाली नाहीत तर काय होतं, तेही याच शहराने पाहिलंय. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलमआरा’ लागला. हिंदुस्थानातला पहिला बोलपट, त्यात सात गाणी. लोकांनी तिकिटांसाठी इतकी झुंबड केली की पोलीस बोलवावे लागले. ती गाणी आज कुणीही ऐकू शकत नाही. सिनेमाची प्रत उरली नाही, आवाज कुठे सापडत नाही. ‘दे दे खुदा के नाम पे प्यारे’ हे शब्द तेवढे उरले आहेत. आता कुणी कितीही शुद्ध, कितीही अस्सल रसिक असला तरी त्या गाण्याच्या बाबतीत तो आणि मी सारखेच. हे आठवलं की एखाद्या पोरीच्या ओठांवर अर्धशतकाहून जुन्या नाटकातलं पद सिनेमातून का होईना आलं, याचं मला अप्रूप वाटतं, आणि तिला दटावणाऱ्याचा राग येतो.

कोजागिरीनंतरच्या रविवारी मी त्या मुलीला वसंतरावांच्या आवाजातलं ‘घेई छंद’ पाठवलं. दोन दिवसांनी ती लिफ्टपाशी भेटली. म्हणाली, "काका, या एकाच पदाला दोन चाली आहेत. पिक्चरमध्ये पण होत्या, पण तेव्हा लक्षात नव्हतं आलं. मुद्दाम केलंय का तसं?" मी म्हटलं, मुद्दामच, दोन घराण्यांतलं भांडण त्या नाटकाचा जीवच आहे. "आणि हे दारव्हेकर कोण?" नागपूरचे, शिक्षक होते, लोक त्यांना मास्तर म्हणायचे, एवढंच मला सांगता आलं. मूळ नाटक मी पाहिलेलं नाही. "मग कुणी पाहिलंय?" मी पाचव्या मजल्याकडे बोट केलं. ती जरा थबकली. मग तिने लिफ्टचं बटण दाबलं आणि मला म्हणाली, "तुम्ही पण चला ना सोबत."